ऑनलाइन ग्रंथसूचीत पुस्तक हमखास न सापडण्याची पद्धत

आपल्या गावाचा, घराण्याचा, गेला बाजार ग्रामदैवताचा इतिहास आपणच लिहावा, असे निवृत्तीनंतर अनेकांना वाटू लागते. पूर्वी त्यासाठी ग्रंथालयात जाऊन लाकडी खणांतली कार्डे चाळावी लागत आणि काही ना काही हाती लागतच असे. आता ग्रंथालयांच्या आणि दप्तरखान्यांच्या सूची इंटरनेटवर आल्या आहेत. घरबसल्या, एका बोटाने, काहीही न सापडण्याची सोय झाली आहे. तिचा पुरेपूर लाभ घ्यायचा असल्यास पुढील नियम काटेकोरपणे पाळावेत.

नियम १. गाव आणि जिल्हा आजच्याच नावाने शोधावा.

सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो १९८१ साली. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदांत ‘सिंधुदुर्ग’ शोधले, तर मालवणचा किल्ला तेवढा भेटेल. त्याच वर्षी कुलाब्याचा रायगड झाला. धुळेकरांनी ‘पश्चिम खानदेश’ आणि जळगावकरांनी ‘पूर्व खानदेश’ हे शब्द मनातही आणू नयेत. कागद सापडण्याचा धोका संभवतो. आपले गाव वाई असेल तर दुधात साखर. अक्षरांचा तुकडा जुळवून शोधणाऱ्या सूचीत ‘हवाई वाहतूक’ येते, ‘वाईट सवयी’ येतात आणि कृष्णाकाठ पाचव्या पानावर जातो. अशा वेळी जोडीला ‘सातारा’ हा दुसरा शब्द देऊ नये.

नियम २. शुद्धलेखनावर अढळ श्रद्धा ठेवावी.

आपले आजचे नियम १९६२ चे. त्याआधीची पुस्तके ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’ अशी टिंबे मिरवत छापली गेली आणि सूची करणाऱ्याने ती इमानाने उतरवून घेतली. आपण ‘गाव’च लिहावे आणि निकालाच्या पांढऱ्याशुभ्र पानाकडे अभिमानाने पाहावे.

‘वाङ्मय’ या शब्दाची तर विशेष शिफारस करावीशी वाटते. कळफलकावर ङ न सापडलेल्या पिढ्यांनी हा शब्द वाङमय, वाड्मय, वाड.मय आणि वांग्मय अशा नाना रूपांत नोंदवून ठेवला आहे. संगणकाच्या लेखी हे सगळे वेगवेगळे शब्द. आपण व्याकरणशुद्ध रूप टाकावे आणि निम्म्या वाङ्मयाला मुकावे. ‘कऱ्हाड’ त्याहून गुणी. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. दोन्ही पडद्यावर जुळ्या भावांसारखे दिसतात. पण संगणकाच्या आत ते निराळे असतात आणि साधी सूची एकाला शोधताना दुसऱ्याला ओळख देत नाही. शिवाय ‘कराड’ आहेच.

नियम ३. लेखक टोपणनावाने शोधावा किंवा खऱ्या नावाने. दोन्हींनी कदापि नाही.

राम गणेश गडकरी नाटकांवर स्वतःचे नाव घालत, कवितेखाली गोविंदाग्रज होत आणि विनोदी लेखनात बाळकराम. ज्या ग्रंथालयाने ही नावे एकमेकांना जोडलेली नाहीत, तिथे तीनदा न शोधणाऱ्याला तृतीयांश गडकरी मिळतात. या नियमाची पराकाष्ठा करायची असेल, तर ‘फुलांची ओंजळ’ लिहिणारे कवी ‘बी’ घ्यावेत. चौकटीत ‘बी’ एवढेच टाकावे. बी-बियाणे, बीजगणित, बीरबल असा सारा गोतावळा पुढ्यात येईल. नारायण मुरलीधर गुप्ते हे त्यांचे नाव आठवले, तर मोठ्याने दुसरे काही म्हणून ते विसरावे.

नियम ४. परदेशी सूचीत आपले आडनाव आपण सही करतो तसेच लिहावे.

लंडन, शिकागो, वॉशिंग्टन इथल्या ग्रंथालयांत मराठी पुस्तकांचे मोठे साठे आहेत. तिथे मराठी शीर्षके रोमन लिपीत उतरवताना आपण बोलताना गिळतो तो अ-सुद्धा लिहितात. त्यामुळे ‘कुलकर्णी’च्या ल नंतर एक ‘ए’ येतो, ‘फडके’च्या ड नंतर येतो आणि टिळकांच्या तर शेवटी येतो. अक्षरांवरची टिंबे आणि रेघा गाळल्या तरी बहुतेक ठिकाणी चालते, हा ‘ए’ गाळून भागत नाही. म्हणून तो जरूर गाळावा.

नियम ५. सन म्हणजे इसवी सन, अशी गाठ बांधावी.

मुखपृष्ठावर शके १८४७ असलेले पुस्तक १९२५-२६ चे असते; शकात ७८ मिळवले की झाले. मोडी कागदांवर फसली असेल तर ५९० आणि सुहूर सन असेल तर ५९९ मिळवायचे. सुहूरचे वर्ष मृगाला बदलते, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ही बेरीज तोंडी करता येते, हीच तिची अडचण. ती करू नये. ‘सुहूर ११६०’ म्हणजे यादवकाळ, असे समजून पानिपताच्या आदल्या वर्षीचे पत्र खुशाल सोडून द्यावे.

नियम ६. चौकट शब्दांनी भरून काढावी.

‘आमच्या गावातील श्री भैरवनाथ मंदिराचा संपूर्ण इतिहास’ असे सविस्तर लिहावे. बहुतेक सूची दिलेला प्रत्येक शब्द नोंदीत असावा, असा हट्ट धरतात. त्यामुळे जितके शब्द जास्त, तितके निकाल कमी. एकच अनवट शब्द टाकणारे लोक या पद्धतीचे शत्रू होत. चुकून एखादी नेमकी नोंद समोर आलीच, तर तिच्यातल्या विषयशीर्षकावर क्लिक करू नये. केल्यास त्याच विषयाची भावंडे रांगेने येतात आणि आजवरची मेहनत वाया जाते.

नियम ७. ‘नोंद आढळली नाही’ हा अंतिम निकाल मानावा.

अनेक संग्रहांची थोडीच पुस्तके संगणकावर चढली आहेत. दप्तरखान्यात तर शेकडो मोडी कागद एका रुमालात बांधलेले असतात आणि सूचीत अनेकदा नोंद असते ती रुमालाची. ऑनलाइन सूचीपलीकडेही वाटा आहेत. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ करून ठेवली आहे. तिच्यात आधी पुस्तकाचे नेमके नाव आणि साल पाहून मग संगणकाकडे वळणारे लोक आहेत. त्यांची संगत टाळावी.

सातही नियम पाळूनही पुस्तक सापडलेच, तर दोष ग्रंथपालांचा. कुठली पेटी अजून उघडलेली नाही आणि कुठले पुस्तक कुणाच्या आडनावाखाली चुकून गेले आहे, हे त्यांना ठाऊक असते. तेव्हा त्यांना फोन करू नये. केलाच, तर सूचीत दिसलेली चूक दाखल क्रमांकासह सांगावी, म्हणजे पुढच्या माणसाला तरी ही पद्धत वापरता येणार नाही. आणि जेवणाच्या सुट्टीत करू नये, ही मात्र खरीखुरी विनंती.