अजून पाहिला नाहीस?

विरारने हिंदी सिनेमाला गोविंदा दिला. त्याची परतफेड म्हणून की काय, सिनेमाने विरारला दर्दी दिले. सकाळच्या चर्चगेट फास्टमध्ये पूर्वी भजनी मंडळ आणि पत्त्यांचा डाव अशा दोनच संस्था होत्या. आता तिसरी आली आहे. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून हा तिसऱ्या संस्थेचा सभासद समोरच्याला विचारतो, ‘अजून पाहिला नाहीस?’

काय पाहिला नाही, ते गौण. सिनेमा इराणचा असेल, तैवानचा असेल, नाहीतर आपल्याच माणदेशातला. मुद्दा एवढाच, की त्याने पाहिला आहे आणि तुम्ही नाही. वसई रोड येईपर्यंत तुमचा अडाणीपणा सिद्ध होतो, भाईंदरच्या खाडीवर दिग्दर्शकाच्या नावाचे तीन वेगवेगळे उच्चार होतात आणि अंधेरी आली की साहेब दाराकडे सरकतात. सिनेमा कशाबद्दल आहे, ते राहूनच जातं.

या मंडळींच्या पोटजाती आहेत. पहिली दुर्मीळवाल्यांची. ‘आता कुठेच मिळत नाही रे’ हे वाक्य दुर्मीळवाला इतक्या तृप्त चेहऱ्याने म्हणतो, की आपल्याला वाटावं, मिळाला असता तर याचं नुकसानच झालं असतं.

दुसरी जात ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ वाल्यांची. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला गाजला, तेव्हा तो यांचा जीव की प्राण होता. मग त्याला सुवर्णकमळ मिळालं, १७ एप्रिल २०१५ला तो थिएटरात आला, शेजारच्या काकू पाहून आल्या आणि त्यांना आवडलाही. त्या संध्याकाळपासून ‘कोर्ट’ ‘ठीक आहे, थोडा ओव्हररेटेड’ झाला. मधल्या काळात सिनेमातली एक फ्रेमही बदललेली नव्हती. बदलल्या होत्या फक्त काकू.

तिसरी जात लिंकवाल्यांची. हे तोंडाने काही बोलत नाहीत, थेट लिंक पाठवतात. फाइलचे पाच तुकडे असतात, त्यातला चौथा उघडत नाही. छोट्या सिनेमावर यांचं प्रेम इतकं, की त्याच्या निर्मात्याच्या हाती एक पैसा पडू देत नाहीत.

या तिघांना मिळून एकच सांगायचं आहे. सिनेमा लोकांना माहीत नसणं हा त्या सिनेमाचा गुण नव्हे. तो त्याच्यावर झालेला अन्याय आहे, आणि तुम्ही त्या अन्यायाचा सातबारा आपल्या नावावर करून बसला आहात.

अन्याय कसा होतो ते बघा. एप्रिल २०१५मध्ये राज्य सरकारने ठरवलं, की मल्टिप्लेक्सनी संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात मराठी सिनेमा लावायचा. लेखिका शोभा डे यांनी त्यावर वडापाव-मिसळीचा टोमणा मारणारं ट्वीट केलं. शिवसैनिक त्यांच्या दारात वडापाव आणि मिसळ घेऊन गेले. या खाद्यमहोत्सवाच्या धामधुमीत प्राइम टाइम हळूच फुगला आणि दुपारी बारा ते रात्री नऊ असा झाला. आता दुपारी बाराला विरारचा माणूस कुठे असतो? अंधेरीला, लोअर परळला, फोर्टात. त्याच्या नावाने नालासोपाऱ्याच्या पडद्यावर मराठी सिनेमा लागतो, खुर्च्या तो बघतात आणि सोमवारी ‘प्रतिसाद नाही’ म्हणून उतरतो.

जुन्यांची कथा याहून न्यारी. ‘घाशीराम कोतवाल’ नाटक सगळ्यांना ठाऊक. त्यावरून १९७६ साली मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप अशा तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढून सिनेमा केला. ओम पुरी त्यातूनच पडद्यावर आला. पेशवाईतल्या पुण्याचा हा सिनेमा आज पाहता येतो, कारण बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने आपल्याकडची प्रत जपली आणि तिची डिजिटल आवृत्ती केली. पुण्याची अब्रू बर्लिनने सांभाळली. पुण्यात जे सांभाळलं होतं, त्यातल्या प्रभातकालीन नायट्रेट फिल्म ८ जानेवारी २००३ला फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या आगीत गेल्या.

आणि आपण? वसईच्या किल्ल्यात कोल्डप्लेच्या गाण्याचं चित्रीकरण झालं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. २०१६ साली ते गाणं आल्यापासून आमच्या बुरुजांची कॉलर ताठ आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेला किल्ला हल्ली लग्नाआधीच्या फोटोंसाठी रोज नव्याने सर होतो. नायगावला मालिकांचे सेट आहेत. थोडक्यात, कॅमेरा आमच्या दारात पाणी भरतो. तरी आपल्या लोकलमधल्या बाईचं आयुष्य एका मराठी सिनेमात जसंच्या तसं आलं आहे, हे लोकलमधल्या बाईच्या कानावर कुणी घालत नाही.

तो सिनेमा म्हणजे पुन्हा ‘कोर्ट’च. लोकशाहीर नारायण कांबळेवर खटला चालतो. त्याच्या गाण्यामुळे गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. भूमिका करणारे वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतले. पण नजर ठेवा सरकारी वकील बाईंवर. गीतांजली कुलकर्णी. कोर्टात त्या कलमं वाचतात, रोज तीच चाल, तोच सूर. कोर्ट सुटलं की लोकलने घरी, पाळणाघरातून पोराला उचलायचं, मग स्वयंपाक. सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब नाटक, त्यात परप्रांतीयांवर तोंडसुख आणि प्रेक्षागृहात हशा. बाई दुष्ट नाहीत. रोज आपल्या शेजारी बसून मटार सोलतात त्यांच्यासारख्याच आहेत, आणि म्हणूनच घाम फुटतो. लेडीज डब्यात ही शिफारस कुणी एकदा करून बघावी. भांडण होईल, पण ते सीटवरून होणार नाही.

तर शिफारस कशी करावी? तीन गोष्टी सांगाव्यात: किती वेळाचा आहे, कुणी बघावा आणि का. तेही एका दमात. नमुने देतो.

‘आजकालची पोरं वाया गेली’ असं ज्यांना रोज वाटतं, त्यांच्यासाठी ‘आय ॲम ट्वेंटी’. १९६७, एस. एन. एस. शास्त्री, फिल्म्स डिव्हिजन. विरारला सुरू केला तर भाईंदरच्या आसपास संपतो. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या विशीतल्या मुलांना कॅमेऱ्यासमोर बसवून विचारलंय, देशाबद्दल काय वाटतं? कुणी स्वप्नं सांगतं, कुणी सरळ वाकडं बोलतं. सरकारी पैशाने, सरकारी छापाखाली. तेव्हा सरकारला ऐकून घेता येत होतं, याचा हा पुरावा जपून ठेवण्यासारखा आहे.

ज्यांच्या घरातून पहाटे फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या दादरला जातात, त्या वाडीवाल्यांसाठी मणी कौलचा ‘अरायव्हल’. हाही वीसेक मिनिटांचा. मुंबईत काय काय येऊन पडतं, ते दाखवतो: भाजी, मासळी, मेंढरं आणि माणसं. निवेदक पट्टी घेऊन शिकवायला बसत नाही. माल आणि मजूर एकाच नजरेने पाहिले जातात आणि आपली मान आपोआप खाली जाते.

‘बजेट नाही म्हणून थांबलोय’ म्हणणाऱ्यांसाठी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. फैझा अहमद खानचा तासाभराचा माहितीपट, २००८चा. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणारा नासिर शेख आपला सुपरमॅन काढायला निघतो. नायक यंत्रमागावरचा काटकुळा कामगार. सुपरमॅनची लाल चड्डी आहे, आणि तिची नाडी पुढे लोंबते आहे. ती नाडी हॉलिवूडच्या कुठल्याही स्पेशल इफेक्टपेक्षा जास्त लक्षात राहते. हसून हसून पोट दुखतं, आणि मग दुखण्याचं कारण बदलतं. २०१२ साली हा थिएटरात आला, तेव्हा तो नायक हयात नव्हता.

लक्ष्याचे सगळे सिनेमे पाठ आहेत, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांच्यासाठी ‘एक होता विदूषक’. १९९२, पटकथा पु. ल. देशपांडे, दिग्दर्शक जब्बार पटेल. तमाशातला सोंगाड्या सिनेमात जातो, तिथून राजकारणात. ‘बनवाबनवी’चे संवाद झोपेत म्हणणारा महाराष्ट्र या सिनेमाकडे पाठ फिरवून बसला. विदूषक रडलेला आपल्याला चालत नाही, हे पुलंना पडद्यावर मांडायचं होतं. प्रेक्षकांनी न जाऊन ते सिद्ध केलं.

बोरिवलीत चढणाऱ्यांशी कचाकचा भांडण झालं असेल, तर घरी आल्यावर ‘दिठी’. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा सुमित्रा भावेंचा शेवटचा सिनेमा. तरणा मुलगा गेलेला रामजी लोहार, बाहेर कोसळता पाऊस आणि आत अडलेली गाय. किशोर कदम यांनी रामजी केला आहे. सुमित्राबाई एप्रिल २०२१मध्ये गेल्या आणि सिनेमा मे महिन्यात सोनी लिव्हवर आला. बाईंनी आयुष्यभर सिनेमे केले आणि त्यांचं नाव बहुतेकांनी श्रद्धांजलीत वाचलं.

‘जात आता राहिलीय कुठे?’ म्हणणाऱ्यांसाठी ‘जय भीम कॉम्रेड’. हा लोकलमध्ये बघू नये. तीन तास लागतात, आणि मध्ये उतरायचं नसतं. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. त्या दुःखात शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. आनंद पटवर्धन तिथून पुढे १४ वर्षं कॅमेरा घेऊन फिरले. एका सिनेमाला १४ वर्षं, आणि आम्हाला तीन तास जड.

शेवटचा दर्द्यांसाठीच: ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी आपल्या जत्रांमधल्या तंबू टॉकीजवर केलेला, २०१६ साली कानला गौरवलेला माहितीपट. मोडकळीला आलेला ट्रक, गंजकं प्रोजेक्टर, आणि गावोगाव तंबू ठोकून रिळं दाखवणारी माणसं. प्रोजेक्टर दुरुस्त करण्यात हयात गेलेले एक प्रकाश नावाचे गृहस्थ त्यात आहेत. त्यांनी स्वतःच्या डोक्याने नवा प्रोजेक्टर बनवला, आणि तो तयार होईपर्यंत जग डिजिटल झालं होतं. ते आपलं यंत्र उघडून दाखवतात तेव्हा चेहरा बघा. या माणसांनी एकदाही कुणाला अडाणी ठरवलं नाही. तंबू ठोकला, तिकीट लावलं, पोरांना आत घेतलं.

शिफारस म्हणतात ती ही. प्रभात चित्र मंडळाने १९६८पासून मुंबईत हेच केलं. पटवर्धन आपले माहितीपट घेऊन स्वतः लोकांत जातात. डॉ. मोहन आगाशे ‘अस्तु’ आणि ‘कासव’ हाताशी धरून ठिकठिकाणी प्रेक्षकांपुढे उभे राहिले. ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं होतं, तरी ही वणवण चुकली नाही.

तेव्हा दर्दी हो, वसई-विरारमध्ये सोसायटीच्या गच्च्या कमी नाहीत. क्रिकेटच्या फायनलला जी पांढरी चादर लागते, ती एरवी धुऊन घडी करून ठेवलेली असते. गणपतीचा मांडव आहे, चर्चचा हॉल आहे, हळदीला भाड्याने मिळणारा प्रोजेक्टर आहे. महिन्यातून एक रविवार धरा. निर्मात्याची परवानगी घ्या, तिकीट ठेवा, आलेले पैसे त्याला पाठवा. काकूंना पुढच्या रांगेत बसवा. आणि सिनेमा सुरू झाला की कृपा करून गप्प बसा.