मोबाइलवरच्या पंचास, किल्लारीहून

गड्या,

तुझं नाव या पत्रात घालत नाही. तुझ्या आईवडिलांना मी ओळखतो आणि त्यांना चारचौघांत मान खाली घालायला लागू नये, एवढंच त्यामागं कारण आहे. पण तू जे केलंस ते चारचौघांत केलंस, म्हणून हे पत्रही उघड्यावर.

जत्रेच्या फडातली शेवटची कुस्ती आठव. ऊन कललं होतं, हलगी जोरात होती. आपला पोरगा खाली गेला, वरच्यानं मोळी बांधली आणि दोघं एकदम पलटले. पंच मातीवर पालथे पडले. उजवा गाल मातीला लावला, तळहात पोराच्या खांद्याच्या फऱ्याखाली सरकवला आणि शिट्टी मारली. चितपट. मी कमिटीच्या बाकावर होतो, आठ-दहा हातांवर. मला फरा टेकलेला दिसला नाही आणि न टेकलेलाही दिसला नाही. मधे धूळ होती आणि पंचांचं डोकं होतं. तू साठ हात लांब ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा होतास. तुला मात्र सगळं दिसलं.

बारा सेकंदांचा तो व्हिडिओ. त्यातलं एक चित्र तू थांबवलंस, त्यावर लाल गोल काढलास, मागं गाणं लावलंस आणि वर लिहिलंस, कुस्ती मॅनेज होती. त्या लाल गोलात खांदा नाही, कोपराची सावली आहे, हे मी तुला स्टँडवरच्या हॉटेलात समोर बसून दाखवलं. तू म्हणालास, "काका, पब्लिक काय खोटं बोलतंय का?" पब्लिकला ते तूच सांगितलं होतंस. दिवेलागणीपर्यंत पंचांनी किती पैसे घेतले त्याचा आकडाही ठरला होता. रात्री दहा-बारा पोरं त्यांच्या दारात उभी राहिली. सत्तरीला आलेला माणूस, दारात शिव्या ऐकत उभा. आत त्यांची नात दहावीचा अभ्यास करत होती.

तो माणूस कोण, हे तुझ्या वयाच्या पोरांना ठाऊक नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, आपलं गाव दगडामातीच्या भिंतींखाली गेलं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. आमच्या गल्लीतली तालीमही त्या पहाटे गेली आणि तिथं जोर मारणारी माझ्या बरोबरीची पोरंही गेली. नवं गाव वसलं, घरं मिळाली, रस्ते आखले गेले. कुस्तीचा हौद कुणाच्या यादीत नव्हता. तो या माणसानं स्वतः खणला. आपल्या काळ्या रानातली माती कुस्तीला चालत नाही, म्हणून लाल माती बाहेरून आणली, चाळली, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती महिनाभर मुरवली. उरलेल्या घरांतली पोरं बोलवून आणली आणि त्यांना पुन्हा शड्डू ठोकायला शिकवलं. त्यानंतर इतकी वर्षं आसपासच्या गावांत शिट्टी फुंकली. मोबदला म्हणून फेटा आणि नारळ. त्याच्यावर तू पैसे खाल्ल्याचा आळ घेतलास.

पोराच्या वस्तादालाही तू सोडलं नाहीस. अशी जोड लावलीच कशी, दुहेरी पट का काढायला लावला, ढाक का नाही मारली, असं तू चहाचा कप हातात धरून विचारत होतास. जोड कशी लावतात ते कधी पाहिलंयस? वस्ताद दोन्ही पोरांचे हात हातात घेऊन मनगट दाबून बघतो. मान बघतो, मांड्या बघतो, मागच्या महिन्यात कुठं लढला, गुडघा दुखावलाय का, रात्री झोपला का, हे विचारतो. आपल्या पोराचा डावा खांदा पावसाळ्यात निखळला होता. त्या हातानं ढाक बसली नसती, म्हणून त्याला पटावर खेळवलं. हे वस्तादाला माहीत होतं, पोराला माहीत होतं. समोरच्याला कळू नये म्हणून दोघंही गप्प होते. त्या गप्प राहण्याचाच तू पुरावा केलास.

हे तुझ्या एकट्याच्या डोक्यातून आलेलं नाही, हेही मी जाणतो. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाली. सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत महेंद्रच्या बाहेरच्या टांगेला चार गुण मिळाले आणि महाराष्ट्र पेटला. प्रश्न खरा होता. पाठ थेट धोक्याच्या कोनात गेली तर चार, नाहीतर दोन. यावर जाणत्यांनी तासभर वाद घालावा असा तो डाव होता. पण डावावर बोलणारे थोडे आणि पैलवानांचा धर्म, जात काढणारे फार. पंचांना फोनवरून धमकी आली, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. सिकंदरनं त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, म्हणजे त्याचं उत्तर त्यानं आखाड्यात दिलं. ज्यांनी त्याच्या नावानं शिव्या दिल्या होत्या त्यांनी त्या कधी परत घेतल्या नाहीत.

मग 2 फेब्रुवारी 2025, अहिल्यानगरची महाराष्ट्र केसरी. पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज राक्षेला चितपट दिलं गेलं. खांदे टेकले नव्हते, असं राक्षेचं म्हणणं होतं. त्यानं पंचाला लाथ मारली. पुढं अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड वेळ संपायच्या आत मैदान सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी घातली गेली. त्या रात्री तू लाथेचा व्हिडिओ "वाघ" लिहून पाठवलास. मलाही आला. पंच चुकला असं धरून चालू. तरीही ती लाथ चूकच होती, आणि तिला वाघ म्हणणारा तू त्या लाथेत भागीदार होतास. आपल्या फडाच्या रात्री पंचांच्या दारात जमलेल्या पोरांच्या तोंडी तोच शब्द होता.

पंच चुकतात. मी चुकलोय. गादीवरच्या, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीत म्हणूनच एकाच्या हाती निकाल ठेवलेला नाही. तिथं पंच असतो, बाजूला न्यायाधीश असतो, वर मॅट चेअरमन असतो. पंचानं हात आपटला तरी दुसऱ्यानं दुजोरा दिल्याशिवाय चितपट होत नाही. गुण पटला नाही तर पैलवानाचा प्रशिक्षक मऊ स्पंज मॅटवर टाकतो, मग चित्रफीत पाहिली जाते. आणि पुढचं नीट वाच. आक्षेप खोटा ठरला तर समोरच्याला एक गुण जातो आणि त्या लढतीत पुन्हा आक्षेप घेता येत नाही. म्हणून प्रशिक्षक स्पंज हातात धरून दहादा विचार करतो. चुकलो तर माझं पोरगं एका गुणानं मागं जाईल, ही भीती त्याच्या हाताला असते. तुझ्या हाताला कसली भीती होती? तू खरा ठरलास तर वाहवा तुझी. खोटा ठरलास तर तुझा एक रुपया जात नाही, एक गुण जात नाही, दुसऱ्या दिवशी तू दुसरा व्हिडिओ टाकतोस. ज्याला आक्षेपाची किंमत मोजावी लागत नाही त्याच्या आक्षेपाला मी न्याय म्हणणार नाही.

आपल्या मातीच्या फडाला कॅमेरा नाही, दुसरा पंच नाही, हे आमच्या कमिटीचं पाप आहे. फटाक्यांना पैसे निघतात, पाहुण्यांच्या शाली-हारांना निघतात, दोन जादा पंचांच्या जेवणाला आणि प्रवासाला निघत नाहीत. ते तू भांडून माग. मी तुझ्या बाजूनं उभा राहीन.

अन्याय झाला तर गप्प बसावं, असंही मी म्हणत नाही. 1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधव जपानच्या इशीशी पंधरा मिनिटांवर झुंजले आणि थोडक्यात हरले. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या पैलवानासमोर उभं केलं. मधे अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो नियम बोलून दाखवायला त्यांच्या बाजूचा एकही भारतीय अधिकारी तिथं नव्हता. दमलेल्या अंगानं लढून ते हरले आणि कांस्यपदक घेऊन आले. त्या दिवशी खाशाबांना नियमाचं पुस्तक घेऊन टेबलापाशी जाणारा एक माणूस हवा होता. तू तसा माणूस हो. पंचपरीक्षा दे, नियम पाठ कर, टेबलापाशी ये.

आणि पंच चुकला तर कसं वागावं, तेही ऐक. अमेरिकेत बेसबॉल म्हणून खेळ आहे. त्यात एकाच गोलंदाजानं सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज सलग बाद करणं म्हणजे जन्मात एखाद्यालाच जमणारी गोष्ट. 2 जून 2010 रोजी डेट्रॉइटमध्ये आर्मांडो गॅलारागानं सव्वीस बाद केले. सत्ताविसावाही बाद होता, पण पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद दिलं. गॅलारागा नुसता हसला आणि पुढचा चेंडू टाकायला गेला. सामन्यानंतर जॉइस यांनी चित्रफीत पाहिली, आपण चुकलो हे सगळ्यांसमोर कबूल केलं आणि रडले. दुसऱ्या दिवशी संघाची यादी पंचांच्या हातात द्यायला गॅलारागा स्वतः मैदानात आला. जॉइस डोळे पुसत होते. 2014 पासून त्या खेळात असे निर्णय चित्रफितीवर तपासायची सोय झाली. तिथंही संघाच्या व्यवस्थापकाचा आक्षेप फसला तर त्याचा तो हक्क जातो.

आणि लांब कशाला जायचं? आपला लातूर जिल्हा. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले आणि दुसऱ्या वर्षी एडिंबराहून राष्ट्रकुलाचं सुवर्ण घेऊन आले. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीत आपला शैलेश शेळके अंतिम कुस्ती हरला. जिंकलेल्या हर्षवर्धन सदगीरनं त्याला खांद्यावर उचलून मैदानात फिरवलं. दोघंही काका पवारांचे पठ्ठे, आणि काका लातूरचेच. तो फोटो तुझ्या मोबाइलमध्ये असेल तर शोध.

आपला हरलेला पोरगा तिसऱ्या दिवशी माझ्याकडं आला होता. मी त्याला विचारलं, टेकला होता का रे? तो म्हणाला, "पंचांचा हात खाली होता. ते म्हणाले टेकला, तर टेकला." एवढं बोलून तो उठला. पहाटे चारला त्याला जोर मारायला जायचं होतं.

पंचांनी शिट्टी कमिटीकडं परत दिली. नुसती दिली नाही, धुऊन, नव्या दोऱ्यात ओवून दिली. पुढच्या फडासाठी आम्ही तीन गावांत तीन जाणत्या माणसांना विचारलं. तिघांनीही हात जोडले. एक जण म्हणाला, घरात सून आहे, नातवंडं आहेत, रात्री दारात पोरं नकोत. पंच नसला तर जोड लागत नाही. जोड लागली नाही तर बाहेरगावचा पैलवान येत नाही, आणि आपल्या पोरांना इनामाच्या पैशातून मिळणारं दूध-बदाम बंद होतं.

येत्या सोमवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाणार आहे. तू बरोबर ये. तो लाल गोल ज्या-ज्या ठिकाणी टाकलास तिथं आधी लिही की मला दिसलं नव्हतं. मग त्यांच्या दारात, त्या रात्री पोरं उभी होती तिथंच उभा राहून, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माफी माग. शिट्टी माझ्या खिशात असेल.