मान शाबूत ठेवून कायरोप्रॅक्टरकडे कसं जावं

नवशिक्यांना पहिली सूचना : मोबाइल खाली ठेवा. तुमचं दुखणं कंबरेत असेल, पण भीती रीलमधून आलेली आहे. तिथे एक धिप्पाड गृहस्थ गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली पट्टा अडकवतो, डोक्याकडून हिसका देतो आणि माइक असा कडाका टिपतो की बघणारा स्वतःची मान चाचपून बघतो. कंबर धरलेल्या माणसाने रात्री दीड वाजता हा अभ्यास करू नये. राहवतच नसेल तर आवाज बंद करून बघा. निम्मी भीती तिथेच उतरते.

आता त्या आवाजाचा निकाल लावू. हाड मोडत नाही, आणि सरकलेला मणका खटकन जागेवरही बसत नाही. तसं छातीठोक सांगणारा भेटला तर चपला शोधायला लागा. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटक्यात ताणला की आतला दाब घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोट ओढतानाचं एमआरआय चित्रण करून ही पोकळी दाखवली. दृष्ट काढताना आजी कानशिलावर बोटं मोडायची, तो आवाज याच जातीचा. तेव्हा कुणी किंचाळलं नव्हतं.

दुसरी पायरी, पूर्वजांचं स्मरण. उसण भरली की पायाळू माणूस हुडकायचा आणि त्याची लाथ पाठीत खायची, ही आपली रीत. वैद्याची पात्रता काय, तर तो जन्मताना पायांकडून आला. डिग्री नाही, फी नाही, अपॉइंटमेंट नाही. फार तर चहा. सलूनमध्ये आजही तेच. केस कापून झाले की मालिश करता करता कारागीर दोन्ही हातांनी डोकं धरतो, डावीकडे कडक, उजवीकडे कडक, आणि तुम्ही डोळे मिटून 'आहाहा' म्हणता, वर दहा रुपये जास्त देता. हे आधी बंद करा. घाबरायचंच असेल तर त्या खुर्चीला घाबरा.

तिसरी पायरी : जाण्याआधी कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे हातांनी मणके दाबण्या-झटकण्याच्या विद्येचा, इतिहास वाचू नका. अमेरिकेत, आयोवातल्या डेव्हनपोर्टमध्ये, डॅनिएल डेव्हिड पामर नावाचा गृहस्थ चुंबकीय उपचार करायचा. १८९५च्या सप्टेंबरात त्याने त्याच इमारतीतल्या हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याचा गेलेला कान परत आला, असं पामर सांगे. कान आणि पाठीचा संबंध काय, हे विचारू नका. कंबरदुखीत या दाबादाबीने काहींना थोडा आराम पडतो, साधारण व्यायाम-फिजिओथेरपीने पडतो तेवढा. दमा, बहिरेपणा, मुलाचं अभ्यासात लक्ष नसणं, यांचा फलकावर उल्लेख असेल तर फलक वाचून परत फिरा.

फोन करताना लाजू नका. स्थळ बघताना विचारतो तसं विचारा : कुठे शिकलात, किती वर्षं? अमेरिकेत हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आपल्याकडे या मंडळींसाठी वेगळी नोंदणी परिषद नाही, त्यामुळे चौकशी तुमच्याच गळ्यात. आणि पायात बधिरपणा, पाय लुळा पडणं, लघवीवरचा ताबा जाणं, ताप, ठिसूळ हाडं, पूर्वीचा कॅन्सर यांपैकी काही असेल तर हा लेख इथेच सोडून आधी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. लघवीचं असेल तर आत्ता, उद्या नव्हे.

प्रत्यक्ष टेबल. त्याला तोंडासाठी भोक असतं, त्यावर पातळ कागद. पालथं पडलं की कागद गालाला चिकटतो आणि जगात फक्त एक फरशी आणि दोन बूट उरतात. वरून आवाज येतो, 'श्वास सोडा.' या दोन शब्दांवर सगळे नवशिके श्वास रोखतात. सोडा. टेबलाचा एखादा भाग 'ठक्' करून खाली बसला तर तो टेबलाचा आवाज आहे, तुमचा नव्हे.

मानेचं मात्र झोपण्यापूर्वी, उभ्यानेच सांगा : 'मानेला झटका द्यायचा नाही.' मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या असल्या झटक्यानंतर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित होतं, पण कंबर दुखत असताना हा धोका घ्यायचं कारणच काय? ही भीती घालवू नका, जपा. 'अहो, काही होत नाही' असं उत्तर आलं तर बूट घाला.

सगळं पार पडलं की काउंटरवरची मुलगी हसून चोवीस बैठकांचं पॅकेज पुढे करेल. आज भरल्यास सवलत. कंबर सैल पडलेला माणूस खिशालाही सैल असतो, हे तिला ठाऊक असतं. 'घरी विचारून सांगतो' म्हणा. घरी विचारू नका.