मायबाप हाजिर हो!

आमचा एक प्रस्ताव आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला बाल कल्याण समिती दिली. एक अध्यक्ष, चार सदस्य आणि दंडाधिकाऱ्याचे अधिकार. ज्याचा पालक सांभाळ करायला अयोग्य किंवा असमर्थ, त्या लेकराचा विचार तिथे होतो. तर गडचिरोलीच्या समितीने एका पालकाला बोलावून घ्यावं. नाव : महाराष्ट्र शासन. धंदा : मायबाप. अपत्यं : आदिवासी आश्रमशाळांत काही लाख.

जबाब असा होईल.

पोरं रात्री झोपतात कुठे? जिथे दिवसा बाराखडी गिरवतात तिथेच, साहेब. सतरंजी तेवढी रात्रीची. पावसाळ्यात साप निघतो त्याचं काय? जंगलातली पोरं आहेत, सवय असते. जेवण? उत्तम. डिसेंबर 2023 मध्ये धानोरा तालुक्यातल्या सोडे इथे मुलींच्या शासकीय आश्रमशाळेत शंभरावर मुलींना विषबाधा झाली, तो अपवाद. शिकवता कोणत्या भाषेत? मराठीत. पोराला कोणती येते? माडिया. आणि गुरुजींना? गुरुजींना बदलीचा अर्ज लिहिता येतो.

हाच जबाब भामरागडच्या एखाद्या बापाने दिला असता, तर? कलम 75 तयारच आहे : मुलाची हेळसांड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, संस्थेच्या कर्मचाऱ्याने केली तर पाच. मायबापाला मात्र कैद होत नाही, त्याला समिती होते. आश्रमशाळांत वर्षानुवर्षं शेकडो मुलं दगावल्यावर 2016 मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमली. अहवाल आला. त्याला ताप येत नाही, साप चावत नाही. कपाटात तो सुखरूप आहे.

कॅनडाने आदिवासी मुलांना घरांतून उचलून निवासी शाळांत कोंडलं आणि 2008 मध्ये संसदेत माफी मागितली. आपण इतके रानटी नाही. आपण कुणाचं पोर ओढून नेत नाही. पट दहाच्या खाली गेला म्हणून 2017 मध्ये राज्याने तेराशेच्या आसपास शाळा बंद करायला काढल्या. गावातली शाळा उठली की आईबाप आपल्या पायांनी पोर आश्रमशाळेत सोडायला येतात. याला लोकसहभाग म्हणतात.

कुणी म्हणेल, नामांकित खासगी शाळेत घाला की! घातलं. एप्रिल 2019 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका खासगी शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार आली. तेव्हा काही पुढाऱ्यांना भलताच शोध लागला की, सरकारी मदतीच्या आशेने पालक तक्रारी करताहेत. बोंब झाली, मग दिलगिरी आली. पण विचार डोक्यात आला तो आलाच. पुण्यातल्या कोथरूडच्या एखाद्या आईने तक्रार केली असती, तर ती किती पैशांसाठी हा प्रश्न कोणत्या पुढाऱ्याने विचारला असता? ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात शाळेत अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्यांसाठी लोकांनी तासन् तास रेल्वे अडवली, बरोबरच केलं. आमच्या गडचिरोलीत रेल रोको करायचं तर जिल्हाभरात स्टेशन एक वडसाच. तिथवर जायला एटापल्लीच्या बापाला आधी एसटी मिळायला हवी.

तेव्हा समितीने निकाल द्यावाच : पालक अयोग्य. अडचण पुढे आहे. लेकरू सोपवायचं कुठे? बालगृहात. बालगृह कुणाच्या देखरेखीखाली? महिला व बालविकास विभागाच्या, म्हणजे त्याच मायबापाच्या शेजारच्या खोलीत. शिवाय निकालावर सही करणाऱ्या सदस्यांच्या मानधनाची फाइलही आरोपीच्याच टेबलावर असते, हे त्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.