मेरँगवहिनी

पूर्वी प्रत्येक चाळीत एक भिशीवाल्या काकू असत आणि एक पापडवाल्या. चाळीच्या सोसायट्या झाल्या, लिफ्ट आली, आणि त्या दोघींच्या रिकाम्या जागेवर मेरँगवहिनींची बिनविरोध निवड झाली. कोथरूडला जा, डोंबिवलीला जा, घोडबंदर रोडला जा, सोसायटीत एक मेरँगवहिनी असतातच. दोन असल्या तर त्या एका लिफ्टमध्ये शिरत नाहीत.

त्यांचा उगम २०२०च्या लॉकडाऊनमधला. क्रीमच्या बिस्किटांचा चुरा, दूध आणि इनो एवढ्या भांडवलावर, कुकरच्या तळाशी मीठ पसरून त्यांनी पहिला केक केला होता. आज त्या केकचा विषय काढला, की पक्ष बदलून मंत्री झालेल्या माणसाला जुन्या झेंड्याची आठवण करून द्यावी तसा त्यांचा चेहरा होतो. आता घरात ओटीजी आहे, स्टँड मिक्सर आहे, एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक छापलेले खोके आहेत. ओट्यावर जिथे मिसळणाचा डबा असायचा तिथे डिजिटल वजनकाटा बसलाय. कुणी ‘वाटीभर’ म्हणालं की वहिनी शांतपणे विचारतात, “कुठली वाटी?” अंडीसुद्धा त्या मोजत नाहीत, तोलतात.

लिंबाचा थरांचा केक आणि त्यावर मेरँगचं आवरण हा त्यांचा हुकमी एक्का. मात्र तो खायला मिळण्याआधी त्याचा इतिहास ऐकावा लागतो. हॅरी बेकर नावाचा लॉस एंजेलिसचा एक विमा विक्रेता. त्यानं १९२७ साली शिफॉन केक शोधला आणि कृती वीस वर्षं कुणाला सांगितली नाही. १९४७मध्ये ती जनरल मिल्स कंपनीला विकली, तेव्हा कुठे जगाला कळलं की त्या केकात लोणी नव्हतंच, तेल होतं. लोणी फ्रिजमध्ये घट्ट होतं, तेल होत नाही. म्हणून हा केक गार झाला तरी मऊ राहतो. तळमजल्यावरच्या विमा एजंट काकांना यातलं तेल पटलं. विम्याच्या धंद्यातला माणूस वीस वर्षं गप्प बसला, हे मात्र त्यांना अजून पटलेलं नाही.

केकच्या दिवशी घरात जमावबंदी असते. ओव्हनचं दार उघडायचं नाही, जवळून पाय आपटत जायचं नाही. भांड्याला तूप लावायचं नाही, कारण केकला वर चढताना कडेला धरायला जागा लागते. भाजून झाला की तो भांड्यासकट पालथा टांगायचा, नाहीतर स्वतःच्याच वजनानं खाली बसतो. सासूबाईंनी पहिल्यांदा हे दृश्य पाहिलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “अगं, जमला नाही म्हणून त्याला शिक्षा कशाला?”

सासूबाईंचा खरा आक्षेप लिंबांबाबत आहे. वहिनी कागदी लिंबांची साल जायफळाच्या किसणीवर अशी किसतात की फक्त वरचा रंग सुटावा, खालचा पांढरा पापुद्रा नको, तो कडू. मग आठवडाभर फ्रिजमध्ये टक्कल पडलेली लिंबं दिसतात. “आता याचं लोणचं घालू तरी कसं?” असं सासूबाई विचारतात, आणि या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच बेकिंग क्लासात शिकवलेलं नसतं.

हिशेबात मात्र वहिनी पक्क्या. चार अंड्यांचं पिवळं, साखर, लोणी आणि लिंबाचा रस मंद आचेवर आटवून थरांमध्ये भरायचा कर्ड होतो. उरलेल्या चार पांढऱ्यांचं मेरँग. जमा-खर्च बरोबर, शिल्लक शून्य. पिवळं-पांढरं वेगळं करण्याचं काम अहोंचं. अहो बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, कोट्यवधींच्या कर्जांवर सही करताना त्यांचा हात कापत नाही. इथे कापतो. पिवळ्याचा एक थेंब पांढऱ्यात पडला तर त्यातली चरबी फेस धरू देत नाही आणि वहिनी दिवसभर बोलत नाहीत. फेस घट्ट झाला की नाही हे पाहायला भांडं डोक्यावर उलटं धरायचं असतं. डोकं अर्थातच अहोंचं.

मेरँगचे प्रकार तीन. फ्रेंचमध्ये कच्च्या पांढऱ्यात साखर फेटायची, स्विसमध्ये दोन्ही वाफेवर गरम करून फेटायचं, इटालियनमध्ये उकळता पाक बारीक धारेनं फेसात सोडायचा. वहिनींचा पंथ इटालियन. १२० ग्रॅम पांढऱ्याला २४० ग्रॅम साखर, आणि पाक बरोबर ११८ अंशांवर. एकदा ऐन वाढदिवसाच्या ऑर्डरच्या वेळी थर्मामीटरची बॅटरी संपली. वहिनींचा धीर सुटला, अहो नेमके दुकानात पळाले. सासूबाईंनी वाटीभर गार पाणी घेतलं (कुठली वाटी, ते कुणी विचारलं नाही), त्यात पाकाचा थेंब टाकला, बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, “गोळीबंद झालाय. ओत.” मेरँग असं उभं राहिलं की चाकू लावायचा धीर होईना. तेव्हापासून वहिनी सगळ्यांना अभिमानानं सांगतात, “आमच्या आईंचा अंदाज ११८ अंशांचा आहे!” सासूबाईंना अंश कळत नाहीत, पण कौतुक कळतं.

श्रावणात अंडं बंद. मग छोले उकडलेलं पाणी आटवून त्याचा फेस काढतात. ही युक्ती २०१४मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच संगीतकारानं शोधली, हे सांगताना वहिनींचे डोळे चमकतात. सासूबाई ते पाणी पाहतात, पुरणाच्या डाळीचा कट आठवतात आणि विचारतात, “याची आमटी का नाही करत?” पावसाळ्यात तर हवेतला ओलावा साखर ओढून घेते आणि मेरँगला घाम फुटतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये हवामान खात्याचा अंदाज सोसायटीत दोनच माणसं लक्ष देऊन ऐकतात : गच्चीची गळती सांभाळणारे सेक्रेटरी आणि वहिनी.

शेवटी केक येतो. बर्नरनं भाजलेली बदामी टोकं, खाली पांढरा मऊ थर, आत पिवळी रेघ. फोटो होतात. सगळे पहिला घास घेतात, आणि मराठी माणूस गोडाच्या पदार्थाला देऊ शकतो ती सर्वोच्च पदवी बहाल होते : “छान आहे, फार गोड नाहीये!” नुसत्या वरच्या थरात पाव किलोच्या आसपास साखर गेलेली असते. लिंबाच्या आंबटपणानं आणि फेसातल्या हवेनं ती झाकलेली असते. वहिनींना सगळं ठाऊक असतं, पण अशा वेळी मात्र त्या शास्त्र सांगत नाहीत. मधुमेह असलेले काका “हलका आहे हो” म्हणत दुसरा तुकडा उचलायला जातात, तेव्हाच त्यांची बशी हळूच काढून घेतात.

तुमच्या सोसायटीतही मेरँगवहिनी असतील. त्यांच्याकडे कृती खुशाल मागा, हॅरी बेकरसारखी त्या वीस वर्षं लपवणार नाहीत, ग्रॅमसकट लिहून देतील. इतिहासही मुकाट्यानं ऐका. फक्त ऑर्डर देताना ‘घरचाच तर आहे, एवढे पैसे कशाचे?’ असं म्हणू नका. त्या केकमागे एक बाई दिवसभर उभी असते, आणि अहोंचं डोकं अख्खी संध्याकाळ पणाला लागलेलं असतं.