एवढा पावसाळा जाऊ दे

बोर्ली पंचतनच्या प्रत्येक आळीत एक अण्णा असतो. एसटी स्टँडजवळ चहा घेताना तो तुम्हाला तीन धंदे सुचवतो आणि कप खाली ठेवेपर्यंत तिन्ही बुडवूनही दाखवतो.

आमच्या आळीतल्या अण्णांचा अभ्यास दांडगा. दिघीच्या जंगलजेटीतून उतरलेल्या मुंबईकराला भूक कुठे लागते, पुणेकर भाव कुठे करतो, सगळं तोंडपाठ. वहीत खोलीचं भाडं, गाद्या, सुरमई, गॅस, पै-पैचा हिशेब. फक्त सुरुवातीची तारीख कोरी. का? तर "एवढा पावसाळा जाऊ दे." पावसाळा सरला की गणपती. मग भातकापणी. दिवाळीत पाव्हणे दारात असताना रंगकाम कुठं काढायचं? मग शिमगा, मग आंबे, मग लग्नं. तेवढ्यात आभाळ भरून येतंच.

1997 साली शेजारच्या दिवेआगरात, सुपारीच्या वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला. गाड्यांची रीघ लागली. लोकांनी माजघरं रिकामी करून भाड्यानं दिली, उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या. अण्णांनीही उत्साहाच्या भरात पाटी रंगवून आणली : 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय'. आणली आणि पडवीत भिंतीकडे तोंड करून उभी केली. "नव्याची नवलाई आहे. गर्दी ओसरू दे, मग खरं गिऱ्हाईक कळेल." गर्दी काही वर्षानुवर्षं ओसरेना. 2012च्या मार्चमध्ये दरोड्यात मूर्ती गेली, पर्यटक आटले, तेव्हा अण्णा हळूच म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?"

2015 साली मुद्रा योजना आली. अण्णा बँकेत चौकशी करून परतले ते घुश्शातच. पन्नास हजारांपर्यंतच्या कर्जाचं नाव 'शिशु'! "नातवंडं खेळवायच्या वयात मी शिशु होऊ?"

एकदा कुणीतरी त्यांना श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांचा दाखला दिला. गाव सोडायचं धाडस केलं म्हणून 1713 साली पेशवाई मिळाली. अण्णा शांतपणे म्हणाले, "ते गेले. पण त्यांची वाडी कुणी शिंपली, ते नाही कुणी विचारत."

अण्णांना भित्रे म्हणावं, तर तेही खरं नाही. सुपारीचं रोप लावून फळासाठी सहा-सात वर्षं वाट बघणारा, वारा, माकडं आणि बाजारभाव यांच्या भरवशावर म्हातारपण सोपवणारा माणूस भित्रा कसा? पोफळीत आयुष्य घालताना त्यांचा हात थरथरत नाही, न्हाणीघरात चार फरश्या बसवताना थरथरतो. कारण पोफळ आजोबांनी लावली होती. फरशी कुठं लावली होती? पोफळ मेली तर दैव, धंदा बसला तर गाव हसणार! बुडायचंच तर वडिलोपार्जित पद्धतीनं बुडावं, असा एकूण हिशेब.

3 जून 2020ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर येऊन आदळलं. शेजारच्यानं कर्ज काढून बांधलेल्या खोल्यांचे पत्रे अण्णांच्या वाडीत आले आणि अण्णांची पाटी शेजाऱ्याच्या विहिरीपाशी जाऊन पडली. "काही उभारलंच नाही म्हणून वाचलो," अण्णा म्हणाले. म्हणाले ते आडव्या पडलेल्या पोफळीवर बसून. वाडीत उभी अशी फार थोडी उरली होती. पावसाळा संपायच्या आत शेजाऱ्याचे पत्रे परत चढले. पोफळीला मात्र पुन्हा सहा-सात वर्षं.

शेजाऱ्याच्या गड्यानं कुंपणाचं भगदाड बुजवायला हाताला लागेल ते ठोकलं. त्यात ती पाटीही, चांगली रस्त्याकडे तोंड करून. त्या दिवाळीत एक गाडी अण्णांच्या अंगणात येऊन थांबली. "काका, पाटी वाचली. जेवण मिळेल ना?"

अण्णांनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे..." एवढं होईतो काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "किती माणसं? मासे खाता ना? मग बसा, भाकऱ्या टाकते." जेवण झाल्यावर पैसे किती सांगायचे, हे अण्णांच्या वहीत बावीस पानांवर होतं. काकूंनी ते बोटांवर मोजून सांगितलं. मंडळी तिथंच राहिली, जाताना नाताळचं बुकिंग करून गेली.

आता खोल्या दोन आहेत. दुसऱ्या न्हाणीघराच्या फरश्या काकूंनी ऐन आषाढात, अण्णा लग्नाला गेलेले बघून बसवून घेतल्या. अण्णा ओटीवर खुर्ची टाकून बसतात, पाव्हण्यांना वाटा सांगतात. गावातला एखादा पोरगा विचारायला येतो, "अण्णा, दिवेआगरला सायकली भाड्यानं द्याव्या म्हणतो, जमेल का?" अण्णा चष्मा कपाळावर सारतात आणि आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "अरे, धंदा म्हटला की उडी मारावीच लागते. मी नाही मारली?"

आत मोदकपात्राचं झाकण जरा जोरातच आपटतं.