स्वस्तातला मऊ उजेड

साताऱ्याचा पोवई नाका घ्या नाहीतर सांगलीची गणपती पेठ. फोटो स्टुडिओ म्हणजे बहुधा दहा बाय दहाचा गाळा. त्यात मालकानं फ्लॅशचा उजेड मऊ करणारा चार फुटी सॉफ्टबॉक्स उभा केला की गिऱ्हाइकानं बसायचं कुठं? नाकापेक्षा मोती जड! "स्वस्तात मिळाला," मालक खुशीत सांगतो. मिळणारच. फ्लॅशला जोडायच्या रिंगेत चौथी काडी बसवली की पहिली निसटते, आणि कापडाच्या मधोमध बल्बचा झगझगीत डाग, डोशावर लोण्याचा गोळा ठेवावा तसा. आतला दुसरा पडदा कंपनीनं वाचवलेला असतो ना!

उजेड मऊ होतो तो पृष्ठभाग मोठा आणि चेहऱ्याजवळ असल्यानं, बिलामुळं नव्हे. लांब भिंतीला टेकवलात तर मोठाही कडकच पडतो. तेव्हा स्वस्तातला घ्यायचाच तर आपला फ्लॅश दुकानात घेऊन जा, रिंग तिथंच बसवून बघा.

स्वस्तातलाही परवडत नसेल तर उत्तरेची खिडकी आणि तिच्यावर टांगायला आजोबांचं पांढरं धोतर आहेच. फक्त निळीचा हात आवरा. नाहीतर नवरदेव कृष्णेतून नुकताच बाहेर काढल्यासारखा दिसतो.